पाहिलेले आणि वाटलेले : एका सागरी पाखराची ओळख



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे, त्यांनी आम्हाला शिकवलेल्या एका गोष्टीपासून आरंभ करतो. आठवीत असताना निसर्गनिरीक्षणाची एक वही ते आमच्याकडून लिहून घेत. वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ आखायची. डाव्या बाजूला शीर्षक ‘पाहिले’, उजव्या बाजूला ‘वाटले’. पहिल्याच आठवड्यात मी डाव्या बाजूला मोठ्या ऐटीत लिहिले होते, ‘खाजणात बगळा पाहिला.’ गुरुजींनी त्यावर काट मारली आणि म्हणाले, “अंग पांढरे, मान लांब, चोच पिवळी, पाय काळे, हे तू पाहिलेस. बगळा हे तुला वाटले. वाटणे चुकीचे नाही, पण त्याची जागा पलीकडे आहे.”

तेव्हा हा निव्वळ काटेकोरपणा वाटला होता. त्या रेघेचे मोल किती, हे पुढे एका पाखराची हकिकत वाचताना ध्यानात आले. आजचे व्याख्यान त्या पाखराविषयी आहे. तो दूर न्यूझीलंडच्या समुद्रावरचा पक्षी. परंतु त्याचा एक जवळचा सोयरा दरवर्षी आपल्या अरबी समुद्रात येऊन जातो. तेव्हा आधी आपल्या अंगणातल्या पाहुण्याची ओळख करून घेऊ आणि मग दूरच्या घरी जाऊ.

आपल्या पाहुण्याचे नाव विल्सनचा वादळी पेट्रेल. अमेरिकेतील पक्षिशास्त्राचा पाया घालणाऱ्या अलेक्झांडर विल्सन यांच्यावरून हे नाव पडले. १८२० साली हाइन्रिख कूल या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. शास्त्रीय नाव ओशनाइटिस ओशनिकस. नावातच महासागर दोनदा आला आहे, आणि ते यथार्थ आहे. विणीचे दिवस सोडले तर हा पक्षी जमिनीला पाय लावत नाही.

आकाराने तो केवढा असावा? देवळाच्या मंडपात किंवा जुन्या पुलाखाली घरटी करून राहणारी पाकोळी आपण सर्वांनी पाहिली आहे. काळसर अंग, कमरेवर ठळक पांढरा पट्टा. पाकोळीपेक्षा किंचित मोठा आणि पंखांनी रुंद असा पक्षी डोळ्यांपुढे आणा. विल्सनचा पेट्रेल जवळजवळ तसाच दिसतो. लांबी सोळा ते अठरा सेंटिमीटर, वजन जेमतेम ३५ ते ४० ग्रॅम. एवढासा जीव अंटार्क्टिकाच्या खडकाळ किनाऱ्यांवर आणि दक्षिण महासागरातील बेटांवर जन्माला येतो आणि तिकडे हिवाळा सुरू झाला की विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे येतो. आपल्याकडे वैशाख-ज्येष्ठाच्या सुमारास तो अरबी समुद्रात दाखल होतो आणि पावसाळा इकडे काढून दक्षिणेस परततो.

याची सर्वांत मोहक लकब म्हणजे पाण्यावर चालणे. खरे तर ते चालणे नव्हे. वाऱ्याच्या दिशेला तोंड करून तो पंख पसरतो, वाऱ्यावर तरंगत राहतो आणि लांब काटकुळे पाय लाटेवर हलकेच टेकवत पुढे सरकतो. अशा रीतीने पाण्याच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म प्राणी आणि तेलकट कण टिपतो. जमिनीवर मात्र हेच पाय त्याला नीट तोलत नाहीत. तिथे तो खुरडत चालतो. ‘पेट्रेल’ हा शब्द येशूच्या पाण्यावर चालू पाहणाऱ्या शिष्याच्या, म्हणजे संत पीटरच्या नावावरून आला, अशी व्युत्पत्ती पुष्कळदा सांगितली जाते. ती खरी मानली, तर आपल्या गोव्यात एक सुंदर योगायोग जुळून येतो. २९ जूनला, सांत पेद्रूच्या फेस्ताच्या दिवशी, आपले मच्छीमार बांधव होड्या एकत्र बांधून, सजवून सांगोड काढतात. नदीत पेद्रूचा उत्सव चालू असतो, आणि त्याच दिवसांत बाहेर खोल समुद्रात पेद्रूच्या नावाचा पक्षी लाटांवर पावले टाकीत असतो.

पण तो पाहणार कोण? १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. ट्रॉलर जेटीला लागलेले असतात. समुद्र खवळलेला असतो. म्हणजे जेव्हा हा पक्षी आपल्या दारात असतो, नेमके तेव्हाच दार बंद असते. बंदीच्या आधी किंवा नंतर खोल समुद्रात जाणाऱ्या नावांवरून पक्षिनिरीक्षकांनी गोवा, कर्नाटक आणि केरळच्या किनाऱ्यांपासून दूर त्याच्या नोंदी केल्या आहेत. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र तो क्वचितच दिसतो. दिसलाच, तर वादळाने थकवून वाळूवर आणून टाकलेला.

आता ओळखण्याचा प्रश्न. नाव हलत असते, लाट उंच असते, दुर्बिणीच्या काचेवर खारे पाणी उडालेले असते. पक्षी दोन लाटांच्या घळीत शिरतो, क्षणभर दिसतो, पुन्हा नाहीसा होतो. जगात वादळी पेट्रेलांच्या पंचवीसच्या आसपास जाती मानल्या जातात आणि बहुतेक सर्व काळपट रंगाच्या. अशा वेळी ‘काळा, लहान, कमरेवर पांढरा’ एवढ्यावर नाव ठोकून देण्याचा मोह होतो. परंतु जाणकार माणूस प्रश्न विचारत जातो. कमरेवर पांढरा पट्टा आहे काय? नसेल, आणि शेपटी दुभंगलेली असेल, तर तो आपल्याकडे येणारा दुसरा पाहुणा, स्विन्होचा पेट्रेल असू शकेल. पट्टा असेल, तर तो फक्त पाठीवर आहे की कुशीवरून खाली वळला आहे? विल्सनमध्ये तो वळतो. शेपटीचे टोक सरळ आहे काय? उडताना पावले शेपटीच्या बाहेर डोकावतात काय? विल्सनमध्ये डोकावतात. पाय लोंबकळत ठेवले असता बोटांमधला पडदा पिवळा दिसतो काय? दिसला तर उत्तमच, पण तो फार जवळून पाहिल्याशिवाय दिसत नाही. आणि शेवटी पोट. विल्सनचे पोट काळपट असते. पोट पांढरे असेल, तर आपण वेगळ्या पक्ष्याकडे पाहत आहोत. पोट पांढरे असून मधून काळा पट्टा गेला असेल, तर तो काळपोट्या पेट्रेल.

पोटाकडे एवढे लक्ष का वेधले, हे पुढे कळेल.

ओळखीची दुसरी पायरी म्हणजे त्याचे जगणे समजून घेणे. कुठलीही खूण नसलेल्या अथांग पाण्यात हा पक्षी आपले अन्न कसे शोधतो? उत्तर त्याच्या नाकात आहे. चोचीच्या वरच्या बाजूला नळीसारख्या नाकपुड्या असतात. समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींना सूक्ष्म प्राणी खाऊ लागले की डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू बाहेर पडतो. गॅब्रिएल नेव्हिट या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवून दिले की, अंटार्क्टिक समुद्रावरील वादळी पेट्रेल आणि त्यांच्या काही नातलग जाती या वासाकडे ओढल्या जातात. आपल्याला जे पाणी सगळीकडे सारखेच दिसते, त्यात त्यांना वासाच्या वाटा सापडतात. पक्षिनिरीक्षकही याचा फायदा घेतात. नाव थांबवून ते माशांचे तेल आणि तुकडे पाण्यावर सोडतात. काही वेळापूर्वी जिथे एकही पाखरू नव्हते, तिथे वाऱ्याच्या खालच्या अंगाने एकेक पेट्रेल येऊ लागतो.

विणीच्या काळात मात्र समुद्राच्या या रहिवाशाला जमिनीवर यावेच लागते, आणि त्याच्या जिवाचा खरा धोका तिथेच असतो. खडकांच्या फटीत किंवा मातीतल्या बिळात मादी एकच अंडे घालते. सुमारे चाळीस दिवस आईबाप आळीपाळीने ते उबवतात. अंटार्क्टिकात कधी बर्फ पडून बिळाचे तोंड बुजते आणि आत पिल्लू उपाशी मरते. ये-जा करायची ती रात्रीच्या अंधारात, कारण दिवसा शिकारी पक्षी टपलेले असतात. एक अंडे, एक पिल्लू, अशी ही मंद चाल. त्याची भरपाई दीर्घ आयुष्याने होते. लीचच्या वादळी पेट्रेलची तीस वर्षांहून अधिक काळ जगल्याची नोंद आहे. ही व्यवस्था हजारो वर्षे नीट चालली. पण ज्या बेटावर मांजर किंवा उंदीर उतरला, तिथे ती कोलमडली. बिळात बसलेल्या, नीट चालता न येणाऱ्या पक्ष्याला पळायला जागाच नसते.

एवढी पूर्वपीठिका मनात ठेवून आता न्यूझीलंडला जाऊ.

एकोणिसाव्या शतकात न्यूझीलंडच्या बाजूच्या समुद्रात मिळालेल्या छोट्या पेट्रेलांची तीन कातडी युरोपातील संग्रहालयांत येऊन पडली होती. त्यांतली दोन पॅरिसच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आणि एक इंग्लंडमधील ट्रिंग येथे. वरून पाहिले तर विल्सनच्या पेट्रेलासारखेच काळपट अंग आणि पांढरी कंबर. पोट मात्र पांढरे आणि त्यावर बारीक काळसर रेघा. ग्रेगरी मॅथ्यूज या पक्षिशास्त्रज्ञाने १९३२ साली ही वेगळी जात आहे असे मांडले आणि माओरी लोकांवरून तिला ‘माओरियाना’ असे नाव दिले.

पुढे २० वर्षांनी, १९५२ मध्ये, रॉबर्ट कुशमन मर्फी आणि जॉन स्नायडर यांनी या प्रश्नाचा पुन्हा विचार केला. मर्फी हे त्यांच्या काळातील सागरी पक्ष्यांचे अग्रगण्य अभ्यासक. संग्रहालयांतील असे रेघांचे वादळी पेट्रेल त्यांनी एकत्र तपासले आणि निष्कर्ष काढला की, या रेघा म्हणजे निरनिराळ्या जातींत अधूनमधून उद्भवणारे रंगवैचित्र्य आहे. टिशियन पील या अमेरिकन शोधप्रवाशाच्या नावावरून या प्रकाराला आधीच ‘पीलिया’ हे नाव पडले होते. अर्थात ती तीन कातडीही स्वतंत्र जातीची मानण्याचे कारण उरले नाही. झाले! जात कागदावरून पुसली गेली. ज्यांनी पुढेही तिला स्वतंत्र मानले, त्यांच्या लेखी ती केव्हाच नामशेष झालेली होती. दोन्ही मतांचा परिणाम एकच. त्या पक्ष्याला शोधायला कोणी जाणार नव्हते. जी जात नाहीच, तिचा शोध कोण घेईल? आणि जी संपली, तिचे रक्षण कोण करील?

मर्फी आणि स्नायडर यांना दोष देण्याचे कारण नाही. हातातल्या पुराव्यावरून विचारपूर्वक काढलेला तो निष्कर्ष होता. गुरुजींच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी उजव्या बाजूला लिहिले. भाग्याची गोष्ट एवढीच की डावी बाजू कोणी खोडली नाही. पॅरिस आणि ट्रिंग येथील कपाटांत ती कातडी रेघांसकट जपून ठेवलेली होती. मत बदलले, पण पाहिलेले तसेच राहिले.

२५ जानेवारी २००३. न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या कोरोमंडेल द्वीपकल्पाबाहेरील समुद्रात एका नावेवर काही पक्षिनिरीक्षक होते. त्यांत ब्रेंट स्टीफन्सन आणि सॅव्ह सॅव्हिल हे दोघे होते. एक छोटा वादळी पेट्रेल नावेजवळ येऊन गेला. त्यांनी त्याची छायाचित्रे घेतली. त्या छायाचित्रांत पांढऱ्या पोटावर काळसर रेघा दिसत होत्या. ठाऊक असलेल्या जातींत हा पक्षी बसेना. हाच तो माओरियाना असेल काय, असा प्रश्न उभा राहिला. त्यांनी घाईने घोषणा केली नाही. छायाचित्रे पुढे ठेवली आणि आपले म्हणणे सावधपणे, एक शक्यता म्हणून मांडले.

त्याच वर्षी, १७ नोव्हेंबरला, बॉब फ्लड आणि ब्रायन थॉमस हे इंग्रज निरीक्षक हौराकी उपसागरात गेले. लिटल बॅरियर बेटाच्या उत्तरेस त्यांनी पाण्यावर माशांचे खाद्य सोडले. रेघांच्या पोटाचा एकच पक्षी आला असता तर कोणी त्याला रंगाचे वैचित्र्य म्हणून बाजूला सारले असते. पण तसे अनेक पक्षी आले, आणि सर्वांची ठेवण एकसारखी. अपवाद थव्याने येत नसतो. दीडशे वर्षांहून अधिक काळ ज्याला कोणी जिवंत ओळखले नव्हते, तो पक्षी न्यूझीलंडच्या सर्वांत मोठ्या शहरापासून, ऑकलंडपासून, नावेने काही तासांच्या अंतरावर लाटांवर पावले टाकीत होता. सागरात येणाऱ्या-जाणाऱ्या किती जणांच्या नजरेसमोरून तो गेला असेल, आणि ‘विल्सनचा असावा’ म्हणून किती जणांनी मान वळवली असेल, याचा हिशेब कोण करणार?

आता दिसला, एवढ्याने प्रश्न सुटत नव्हता. हीच ती तीन कातड्यांची जात, हे सिद्ध व्हायला पक्षी हातात यायला हवा होता. वादळी पेट्रेल रात्री दिव्याकडे ओढला जातो. नोव्हेंबर २००५ मध्ये लिटल बॅरियरजवळ थांबलेल्या एका नावेवर रात्री असा एक पक्षी आपणहून येऊन उतरला. पुढे समुद्रातच जाळे फेकणारी खास बंदूक वापरून आणखी काही पक्षी सुखरूप पकडण्यात आले. मोजमापे घेऊन, पिसे आणि रक्ताचे थेंब घेऊन त्यांना सोडून देण्यात आले. त्यांच्या आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीतून २०११ पर्यंत त्याचे स्थान निश्चित झाले. हा विल्सनच्या पेट्रेलाचा रंगभेद नव्हेच. काळपोट्या आणि पांढरपोट्या पेट्रेलांच्या फ्रेगेटा प्रजातीत त्याची जागा आहे. आज त्याला फ्रेगेटा माओरियाना असे म्हणतात.

नाव मिळाले, पण घर कुठे? वर सांगितले त्याप्रमाणे अशा पक्ष्याचा जीव त्याच्या बिळात असतो. बीळ ठाऊक नसेल तर त्याला वाचवण्याचा विचारही करता येत नाही. २०१२ मध्ये पकडलेल्या काही पक्ष्यांच्या पोटावर पिसे गळून उघडी पडलेली जागा आढळली. अंडे उबवताना आईबापाच्या अंगाची ऊब थेट अंड्याला मिळावी म्हणून पक्ष्यांत अशी जागा तयार होते. म्हणजे घरटे फार दूर नव्हते. २०१३ च्या आरंभी मॅट रेनर, ख्रिस गॅस्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुद्रात पकडलेल्या दोन डझन पक्ष्यांवर अगदी हलके रेडिओ-प्रक्षेपक बसवले आणि आसपासच्या बेटांवर रात्री कान लावून बसले. लिटल बॅरियर बेटावरच्या घनदाट जंगलातून संदेश येऊ लागले. फेब्रुवारी २०१३ मध्ये विणीची जागा सापडली. पाण्यावरचा हा प्रवासी उंच झाडांच्या मुळाशी, मातीतल्या बिळात संसार करत होता.

या बेटाचे माओरी नाव ते हौतुरू-ओ-तोई. ‘हौतुरू’ या शब्दात वाऱ्याच्या विसाव्याची कल्पना आहे. वादळाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाखराला अखेर वाऱ्याच्या विसाव्यावर घर सापडावे, हे मोठे समाधानाचे आहे. परंतु या गोष्टीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग याच्याही आधीचा आहे.

हौतुरू हे सुमारे २,८०० हेक्टरांचे, डोंगराळ, रानाने झाकलेले बेट. १८९५ पासून ते निसर्गासाठी राखून ठेवलेले आहे. न्यूझीलंडच्या भूमीवर वटवाघळे सोडली तर मूळचा एकही सस्तन भूचर प्राणी नव्हता. उंदीर प्रथम माओरी पूर्वजांच्या नावांतून आला. पुढे युरोपीय लोकांबरोबर मांजरे आली, आणि एकोणिसाव्या शतकात ती हौतुरूवरही रानटी होऊन पसरली. हिहि नावाच्या एका सुंदर छोट्या रानपक्ष्याचा मुख्य भूमीवरून निर्वंश झाला होता. तो या एकाच बेटावर तग धरून होता. प्रामुख्याने अशा रानपक्ष्यांसाठी बेटावरची मांजरे हटवण्याची मोहीम निघाली. १९८० पर्यंत बेट मांजरमुक्त झाले.

मग एक अनपेक्षित गोष्ट घडली. कुकचा पेट्रेल नावाचा दुसरा सागरी पक्षी तिथे मोठ्या संख्येने वीण करतो. मांजरे गेल्यावर त्याची भरभराट होईल अशी अपेक्षा होती. उलट त्याची पिल्ले जगण्याचे प्रमाण घटले. मांजरे उंदरांना खात असत. मांजरे गेली आणि उंदरांचे फावले. अंडी आणि पिल्ले उंदरांच्या तोंडी पडू लागली. रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हा सारा हिशेब मांडून दाखवला. एक उपाय अर्धाच केला, तर तो कसा अंगाशी येतो, याचा हा धडा आहे. २००४ च्या हिवाळ्यात हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकून उंदरांचे उच्चाटन करण्यात आले. त्यानंतर कुकच्या पेट्रेलाची पिल्ले पुन्हा मोठ्या प्रमाणात वाचू लागली.

आता या सनावळीकडे पुन्हा पाहा. १९८० साली मांजरे हटवणाऱ्या लोकांना त्या बेटावर माओरियाना आहे हे ठाऊक नव्हते. त्यांच्या पुस्तकांत ती जात नव्हतीच, किंवा संपली होती. २००४ साली उंदीर हटवले, तेव्हा पक्षी समुद्रात दिसून काही महिनेच झाले होते. त्याचे घर कोणते, हे कळायला अजून नऊ वर्षे लागायची होती. काही थोड्या जोड्या मांजर-उंदरांच्या राज्यातही कशाबशा तगल्या असाव्यात, आणि बेट निर्धोक झाल्यावर त्यांना मोकळा श्वास मिळाला असावा, असा तर्क अभ्यासक करतात. हिहिसाठी झटलेल्या माणसांनी नकळत एका निराळ्या पाखराला जीवदान दिले.

म्हणून ओळख आणि राखण या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून असल्या तरी त्यांचा क्रम नेहमी एकच असतो असे नाही. प्रत्येक जिवाची नोंद झाल्यावरच त्याची जागा राखायची असे ठरवले असते, तर हा पक्षी नोंद होण्याआधीच संपला असता. जागा नीट राखली, तर ज्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत असे जीव तिच्यात तग धरतात. आणि उलट, नोंदी जपल्या नसत्या, ती तीन कातडी कोणी अडगळ म्हणून फेकून दिली असती, तर २००३ साली घेतलेल्या छायाचित्रांची तुलना कशाशी केली असती? एका बाजूला बेट राखणारे हात, दुसऱ्या बाजूला कपाट राखणारे हात. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता, आणि तरीही दोघांमुळे तो पक्षी आज आहे.

आपल्या समुद्राकडे वळून हे व्याख्यान संपवतो. आपल्या दारातले समुद्रपक्षी आपण अजून पुरते पाहिलेले नाहीत. त्यासाठी प्रत्येकाने खोल समुद्रात जायला हवे असे नाही. पावसाळ्यात, मोठा वारा होऊन गेल्यावर, आपल्यापैकी कोणी किनाऱ्यावर फिरायला जातो. वाळूवर एखादे काळे, लहान, थकलेले पाखरू दिसले तर त्याला कावळ्या-कुत्र्यांच्या तोंडी सोडू नये. समुद्राकडे फेकूही नये. हवेशीर, अंधाऱ्या खोक्यात शांत ठेवावे आणि वनखात्याला कळवावे. आणि त्याआधी त्याची छायाचित्रे घ्यावीत. वरून, खालून, पायांची, पोटाची. तारीख, वेळ आणि जागा लिहावी. मेलेले असले तरी नोंद करावी. नाव ठाऊक नसेल तर नाव लिहू नये. जे दिसले ते लिहावे. पोटाचा रंग, शेपटीचे टोक, बोटांमधला पडदा. कदाचित ती नोंद आज कोणाच्या उपयोगी पडणार नाही. पॅरिसच्या कपाटातली कातडीही जवळजवळ दोन शतके कोणाच्या उपयोगी पडली नव्हती.

विद्यार्थिमित्रांनो, गुरुजींच्या वहीतली ती रेघ मी पुष्कळ वर्षे विसरलो होतो. आज ती वही माझ्याजवळ नाही. परंतु आपल्यापैकी जे त्यांच्या वर्गात बसले, त्यांना ती आठवत असेल. शाळेतही आपण असेच काहीतरी करीत असतो. समोरच्या बाकावरचा कोणता मुलगा पुढे काय होणार, हे ठाऊक नसताना शिक्षक वर्ग राखीत असतात. गुरुजींनी आमचा वर्ग तसाच राखला. त्यांच्या स्मृतीला वंदन.